नजर शाबूत, पडदा ओला

पुढचा संवाद येवल्यातल्या एका पैठणी विणकराचा आणि त्याच्या भाचीचा आहे. मामाचं वय अठ्ठावन्न, मधुमेह बारा वर्षांचा. भाची नाशिकला डोळ्यांच्या एका दवाखान्यात नेत्रतपासनीस. दोघंही मी कल्पिलेली माणसं आहेत. पण मामा जे बोलतो ते मधुमेह शिरलेल्या कुठल्याही घरात ऐकू येतं.

येवला मुद्दाम निवडलं. या गावात कित्येक घरांची चूल नजरेवर पेटते. अस्सल हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर यंत्र काढत नाही. विणकर उभे धागे मोजतो, रंगीत रेशमाची एकेक कांडी तेवढ्याच धाग्यांतून फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. साडी उलटी धरली तरी नक्षी तशीच दिसते. असं काम करणाऱ्याला डोळ्याचं मोल शिकवावं लागत नाही. पण ‘मला बारीक दिसतंय, म्हणजे डोळे धड आहेत’ ही समजूतही अशाच माणसाच्या मनात सगळ्यात पक्की बसते. मधुमेह असेल तर ही समजूत घातक आहे. मी भाचीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. मामाच्या काही प्रश्नांपुढे मात्र तिलाही थांबावं लागलं, आणि ते प्रश्न मला तिच्या उत्तरांइतकेच महत्त्वाचे वाटतात.

मामा : तू आलीस की तुझं एकच पालुपद. मामा, पडदा दाखवा. अगं, काय झालंय माझ्या डोळ्यांना? परवाच एक पदर उतरवला. मुनियेची चोच तांबड्या रेशमात बसवताना एक धागा इकडचा तिकडे झाला नाही. ज्याला दिसत नाही त्याने जावं दवाखान्यात.

भाची : ज्याला दिसत नाही तो येतोच, मामा. पण तोवर आमच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. दिसतंय तेव्हा आलात तर आहे ते राखता येतं.

मामा : दुखत नाही, खुपत नाही, डोळ्यांतून पाणी येत नाही.

भाची : येणारही नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला दुखणं कळतच नाही. तुमच्यासारखा मधुमेह, म्हणजे मोठेपणी होतो तो, ज्या दिवशी कळला त्याच दिवशी पडदा बघायला हवा होता. कारण कळायच्या आधी काही वर्षं साखर अंगात वाढलेली असू शकते. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात पाच वर्षांनी सुरुवात केली तरी चालते. आणि एकदा बघितलं की दरवर्षी. तुम्ही बारा वर्षांत किती वेळा दाखवलात?

मामा : चष्म्याचा नंबर काढला दोनदा. बाजारातच.

भाची : नंबर काढणं वेगळं, पडदा बघणं वेगळं. साखर वरखाली झाली की नंबरही वरखाली होतो, म्हणून तर तुमचा चष्मा दोनदा बदलला. बरं, एक करा. चष्मा लावा. मागावर साडी आहे तशी राहू द्या. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवा, दाबू नका. आता डाव्या डोळ्याने काठाकडे बघा. जरीची कड सरळ दिसते?

मामा : दिसते की.

भाची : घाई नको. काठावरच्या एका नारळाच्या टोकावर नजर धरा. हलवू नका. आता आजूबाजूची कड?

मामा : मधे जरा धुरकट लागतंय. आणि कड… थोडी आत ओढल्यासारखी. फणी सैल झाली की काय?

भाची : हात काढा.

मामा : सरळ आहे.

भाची : फणी चांगली आहे, मामा. डाव्या डोळ्याचं काम उजवा ओढतोय. दोन्ही उघडे असले की कळत नाही.

इथे थोडं थांबतो. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्सलर यांच्या नावाचा चौकड्यांचा एक कागद डोळ्यांच्या दवाखान्यात असतो. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि भोवतालच्या रेषा वाकतात का, पुसट होतात का, ते सांगायचं. ताण्यासमोर बसणाऱ्या माणसापुढे तो कागद दिवसभर उलगडलेला असतो, शेकडो सरळ रेषांचा. फक्त तो दोन्ही डोळ्यांनी बघतो. ही तपासणी घरच्या घरी कुणीही करू शकतो: दाराची चौकट, खिडकीचे गज, वहीच्या ओळी, काहीही चालतं. मात्र रेषा सरळ दिसल्या म्हणून पडदा निरोगी ठरत नाही. मध्यापासून दूरची सूज किंवा रक्तस्राव अशा परीक्षेत सापडत नाही. रेषा वाकली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. वाकली नाही तरी वर्षाची तपासणी चुकवायची नाही.

मामा : मोतीबिंदू असेल. माझ्या वयाच्या सगळ्यांचा निघाला. शिबिरात नाव देऊन टाकतो.

भाची : मोतीबिंदू म्हणजे पुढचं भिंग गढूळ होणं. तो काढून नवं भिंग बसवलं की दिसायला लागतं. तुमच्या पिढीने ती जादू पाहिलीय, म्हणून डोळ्याचं काहीही झालं की मोतीबिंदूच आठवतो. इथे बिघाड मागे आहे. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहून बारीक असतात. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात, जागोजागी बारीक फुगे येतात आणि त्यांतून पाणी, चरबी झिरपते. पडद्याच्या अगदी मध्यावर एक छोटी जागा आहे, डॉक्टर तिला मॅक्युला म्हणतात. वाचणं, चेहरा ओळखणं, मुनियेची चोच बसवणं, सगळं त्या जागेवर चालतं. भिंतीत ओल मुरली की गिलावा फुगतो, तशी ती फुगते. त्यालाच आम्ही पडद्याची सूज म्हणतो.

मामा : मग मोतीबिंदू काढला तर बिघडलं कुठे?

भाची : बिघडू शकतं. पडद्याला सूज असताना तशीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली तर ती सूज वाढू शकते. म्हणून मधुमेह असलेल्याने आधी पडदा दाखवायचा. शिबिरात विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं: मला साखर आहे, आधी मागचा पडदा बघा.

मामा : आणि तो बघायला तुम्ही ते औषध घालणार. शेजारच्याला घातलं होतं. दिवसभर डोळे दिपत होते, गाडी चालवता येईना, हातातला धागा दिसेना. आम्हाला महिन्याचा पगार नाही, पोरी. साडी उतरली तर पैसे. येवल्याहून नाशिकला जायचं-यायचं म्हणजे तिथेच एक दिवस मोडला, त्यात हे औषध. दुसरा दिवसही अर्धा गेला.

भाची : खरंय. बाहुली मोठी झाली की काही तास जवळचं नीट दिसत नाही. पण बाहुली लहान असताना पडदा बघणं म्हणजे दाराच्या फटीतून माजघर बघणं, कोपरे राहून जातात. वर्षातून एक दिवस.

मामा : एक म्हणतेस. मग तिथे सतरा यंत्रं.

भाची : मुख्य एक. ओसीटी म्हणतात. हनुवटी टेकवून बसायचं, आतल्या खुणेकडे बघायचं. यंत्र डोळ्याला लागत नाही, सुई नाही, दोन-चार मिनिटांत होतं. प्रकाशाच्या साहाय्याने ते पडद्याचा उभा छेद दाखवतं, आतले थर वेगवेगळे दिसतात. मॅक्युलाची मधली जाडी साधारण 250 मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा पाव भाग. सूज आली की 400, 500 होते. थरांमध्ये पाण्याच्या काळ्या पोकळ्या दिसतात. तुम्हाला स्क्रीनवर दाखवतील, तुम्हालाच कळेल. ही पद्धत 1991 साली जगापुढे आली. त्याआधी डॉक्टर भिंगातून बघून सुजेचा अंदाज बांधायचे. कधी कधी हातातल्या शिरेत पिवळं औषध सोडून पडद्याचे फोटोही काढतात. नळी कुठे गळते, कुठे बंद पडली, ते त्यात दिसतं. दिवसभर लघवी पिवळी होते, घाबरायचं नाही. सगळ्यांना ते लागत नाही.

मामा : सूज निघाली की लगेच डोळ्यात सुई. शेजारच्याला पाच दिल्या आणि अजून संपलेलं नाही.

भाची : लगेच असं नाही. सूज मध्यावर आहे पण नजर जवळपास पूर्ण आहे, अशा माणसांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. आधीपासून इंजेक्शन दिलेले आणि नजर घटेपर्यंत फक्त लक्ष ठेवलेले, दोन वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली. म्हणजे चांगला डॉक्टर अशा वेळी थांबू शकतो. पण थांबणं म्हणजे घरी बसणं नव्हे, ठरल्या तारखेला ओसीटीला जाणं. नजर उतरायला लागली तर मात्र इंजेक्शनच पहिला उपाय.

मामा : डोळ्यात सुई, नुसतं ऐकलं तरी अंगावर काटा येतो.

भाची : आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. मग आयोडीनचं औषध घालून धुतात, ते थोडं झोंबतं. पापण्या छोट्या चिमट्याने उघड्या धरतात. काळ्या बुबुळापासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात बारीक सुई जाते. औषध किती, तर एका मिलिलिटरचा विसावा भाग. काही सेकंदांचं काम. नंतर दोन दिवस खुपल्यासारखं, कधी पांढऱ्यावर लाल डाग. तो जातो. खरी भीती आत जंतू शिरण्याची. हजारोंत एखाद्याला होतं, पण झालं तर डोळा जाऊ शकतो. म्हणून इंजेक्शननंतर दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर उतरली, तर रात्र असो की रविवार, तडक निघायचं. आणि अलीकडे लकवा किंवा हृदयाचा झटका येऊन गेला असेल तर सुईआधी डॉक्टरांना सांगायचं.

मामा : औषध करतं काय पण?

भाची : रक्त कमी पोचलं की पडदा एक रसायन सोडतो, व्हीईजीएफ. ते नळ्यांना गळायला लावतं, पुढे नव्या कच्च्या नळ्याही उगवायला लावतं. इंजेक्शन त्या रसायनाला बांधून टाकतं. गळती थांबली की पाणी ओसरतं. पण रसायन परत तयार होत राहतं, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला, मग ओसीटी बघून अंतर वाढवायचं. मोठ्या अभ्यासांत पहिल्या वर्षाला नऊ-दहा इंजेक्शनं लागली. पुढच्या वर्षांत कमी होत जातात.

मामा : नऊ-दहा! दर वेळी नाशिक, बरोबर एक माणूस, दोघांचा दिवस, वर औषधाचे पैसे. यातून माझी पहिली नजर परत येईल, लिहून देतेस?

भाची : नाही. कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. बऱ्याच जणांची काही ओळींनी सुधारते, बऱ्याच जणांची आहे तिथे टिकते, काहींना गुण येत नाही. सूज फार दिवस राहिली असेल तर पाणी ओसरूनही आतल्या पेशी मेलेल्या असतात, त्या उठत नाहीत. म्हणून तर लवकर म्हणते.

भाचीने इथे होकार दिला असता तर मामा कदाचित त्याच दिवशी निघाला असता. ती नाही म्हणाली याचं मला मोल वाटतं. या आजारात उपचार अर्धवट सोडण्याचं एक कारण म्हणजे पहिल्या भेटीत वाढवून सांगितलेली आशा. दोन इंजेक्शनांनंतर तक्त्याची शेवटची ओळ वाचता आली नाही की माणूस ‘फसवलं’ म्हणून उठतो आणि पुन्हा फिरकत नाही.

औषधाच्या किमतीची गोष्ट मात्र नीट सांगण्यासारखी आहे. बेव्हॅसिझुमॅब हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं औषध अमेरिकेत 2004 मध्ये बाजारात आलं. पुढच्याच वर्षी मायामीचे डॉक्टर फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा इवलासा भाग डोळ्यात वापरून पाहिला आणि सूज ओसरली. कर्करोगाच्या एका कुपीतून डोळ्याचे अनेक डोस निघतात, म्हणून ते स्वस्त पडतं. डोळ्यासाठीच बनवलेली रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधं महाग. 2015 मध्ये तिन्हींची समोरासमोर तुलना प्रसिद्ध झाली. नजर थोडीच उतरलेली असेल तर तिन्ही सारखीच चालली. बरीच उतरलेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. आपल्याकडे त्याच वर्षी रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची स्वस्त आवृत्ती आली. 2016 च्या सुरुवातीला बेव्हॅसिझुमॅबच्या डोळ्यातल्या वापरावर औषध नियंत्रकांनी बंदीसारखी सूचना काढली आणि नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर ती मागे घेतली. डोस वेगळे करताना निर्जंतुकता राखली नाही तर संसर्ग होतो, हा धोका खरा आहे. आणि हे औषध नसेल तर हजारो गरीब माणसांना कुठलंच मिळणार नाही, हेही खरं. म्हणून डॉक्टरला तीन गोष्टी उघड विचाराव्यात: कोणतं औषध, ते का, आणि त्याहून स्वस्त माझ्या डोळ्याला चालेल का. लवचिक अंतराने देता येणारी नवी औषधं आणि तीन-चार महिने पुरणारी स्टिरॉइडची कांडीही आता मिळते. स्टिरॉइडने मोतीबिंदू लवकर येतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून ती सगळ्यांसाठी नाही.

मामा : आणि मी म्हटलं, मला दर महिन्याला जमणारच नाही? लग्नसराईच्या तोंडावर माग सोडून कुठे जाऊ?

भाची : मग ते पहिल्याच दिवशी सांगा. लाजू नका. उपचार त्याप्रमाणे बदलतो. सुजेसोबत नव्या कच्च्या नळ्या उगवल्या असतील, तर त्या फुटून डोळ्यात रक्त भरतं. डोळ्यापुढे काळे धागे, जाळं तरंगतं. पुढे पडदा ओढला जाऊन सुटतो. त्या नळ्यांना इंजेक्शनही चालतं आणि लेझरही. पण ज्याचं येणं मधेच तुटतं त्याला नुसत्या इंजेक्शनच्या भरवशावर ठेवणं धोक्याचं आहे, औषध उतरलं की नळ्या जोमाने वाढतात. लेझर दोन-तीन बैठकांत पुरा होतो आणि टिकतो. पडद्याच्या कडेच्या भागावर बारीक चटके देतात, तिथली रक्ताची मागणी कमी होते, रसायन कमी सुटतं. अमेरिकेत 1976 साली जाहीर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की लेझरने आंधळेपण निम्म्याहून कमी झालं. त्याची किंमत आहे: रात्रीचं आणि बाजूचं थोडं कमी दिसतं. पण मधली नजर, तुमची मागावरची नजर, राहते.

मामा : हे शेजारच्याला कुणी सांगितलं नाही.

भाची : त्यांनी जमत नाही हे सांगितलं होतं का?

मामा : कोण सांगतं! हो हो म्हणायचं आणि जायचं नाही.

हा ‘हो हो’ मला फार ठिकाणी दिसतो. डॉक्टरपुढे नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो, म्हणून माणूस मान डोलावतो आणि तारीख बुडवतो. डॉक्टरला वाटतं, रुग्ण बेफिकीर. दोघांपैकी एकाने तरी स्पष्ट बोलायला हवं, आणि माझ्या मते ती जबाबदारी आधी डॉक्टरची: ‘किती वेळा येणं झेपेल?’ हा प्रश्न औषधाच्या नावाआधी यायला हवा.

मामा : बरं, हे सगळं राहू दे. साखर खाली आणली तर सूज आपोआप जाणार नाही का? गोड बंद करतो, कारल्याचा रस सुरू करतो.

भाची : साखर आणायचीच आहे, पण रसाच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. ब्रिटनमध्ये वीस वर्षं चाललेला अभ्यास 1998 मध्ये छापून आला. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत डोळा-मूत्रपिंडाचे बिघाड पाव हिश्शाने घटले, आणि रक्तदाब काटेकोर ठेवल्यावर पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं. तुम्ही साखर तरी मोजता, रक्तदाब कधी मोजला? पण हा फायदा वर्षांच्या हिशेबाने मिळतो. आज वाकलेली कड पुढच्या महिन्यात सरळ करायला तो पुरत नाही.

मामा : इन्सुलिन मात्र घेणार नाही. इन्सुलिन सुरू केलं की डोळे जातात, माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

भाची : तुम्ही पाहिलं ते खोटं नाही, मामा, अर्थ वेगळा आहे. लोक इन्सुलिनला दहा-पंधरा वर्षं उशीर करतात, तोवर पडदा आधीच खराब झालेला असतो. त्यात साखर फार झपाट्याने उतरवली तर आधीच असलेला आजार काही महिने वाढलेला दिसू शकतो. 1993 च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासातही हे दिसलं होतं. पण पुढे त्याच लोकांचे डोळे बाकीच्यांपेक्षा कितीतरी चांगले राहिले. म्हणून उपाय काय, तर इन्सुलिन सुरू करायच्या आधी पडदा बघून घ्यायचा. इन्सुलिन टाळायचं नाही.

मामा : तू सगळं मलाच सांगतेस. मी जा, मी दाखव, मी तारीख पाळ. आणि तुमची यंत्रणा? आशाताई येते, साखर-रक्तदाबाचं लिहून घेते. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. गोळ्या मिळतात. बारा वर्षांत एकाने तरी म्हटलं का, डोळ्याचा पडदा बघून या? एकाने?

भाची : नाही म्हटलं. म्हणायला हवं होतं.

मामा : मग?

भाची : मग तुमचं बरोबर आहे.

ही कबुली तिने वाद मिटवायला दिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 च्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. चाळिशीपुढच्या मधुमेहींच्या देशव्यापी पाहणीत 12.5 टक्क्यांच्या पडद्यावर आजार सापडला आणि 4 टक्क्यांचा नजर घालवण्याच्या टप्प्याला पोचलेला होता. पडद्याचे तज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांत गोळा झालेले. एवढी माणसं त्यांच्यापर्यंत नेणं शक्य नाही. फोटो नेणं शक्य आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत हे करून पाहिलं गेलं. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक मधुमेहींच्या पडद्याचे फोटो मोबाईलवर बसवलेल्या कॅमेऱ्याने, तिथल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांकडून काढून घेतले आणि फोनमधल्याच संगणकीय प्रणालीने, इंटरनेटशिवाय, कुणाला पुढे पाठवायचं ते सांगितलं. 2019 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे पाठवायला हवेत असे रुग्ण तिने सोडले नाहीत. थोडे निरोगी लोक उगाच पाठवले गेले, आणि ती चूक परवडणारी आहे. असा कॅमेरा पडद्याची जाडी मोजू शकत नाही, सुजेसाठी ओसीटी लागतंच. पण ज्याचा पडदा स्वच्छ आहे त्याची नाशिकची खेप वाचते, आणि ज्याचा नाही त्याला त्याच दिवशी कळतं.

मुंबईच्या दवाखान्यांत जे झालं ते येवल्याच्या विणकर गल्ल्यांत का होऊ नये? एका अस्सल पैठणीची किंमत लाखांत जाऊ शकते. ती किंमत ज्यांच्या नजरेवर उभी आहे त्यांच्या पडद्याचा वर्षाचा फोटो हा धंद्याचा खर्च आहे, धर्मादाय नव्हे. पैठणीच्या पेढ्यांनी आणि विणकर संस्थांनी मिळून महिन्यातून एक दिवस कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस आणवला तर कुणाच्या नफ्याला धक्का लागणार नाही. आणि मधुमेहाची गोळी लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने त्याच चिठ्ठीवर ‘पडदा तपासा’ एवढे दोन शब्द लिहावेत. त्याला तर एक रुपयाही लागत नाही.

मामा : कॅमेरा येईल तेव्हा येईल. तोवर?

भाची : तोवर तुमचा डावा डोळा थांबणार नाही. परवा माझी सुट्टी आहे, मी बरोबर येते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा कागद, रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्या, जुना चष्मा आणि रेशनकार्ड-आधारकार्ड घ्या. ज्या रुग्णालयात सरकारी आरोग्य योजना चालते तिथे आरोग्यमित्र बसतो. यातलं काय योजनेत बसतं ते पहिल्यांदा त्याला विचारू. आणि मामीला पण घ्या.

मामा : तिला कशाला? तिला साखर नाही.

भाची : मोजली कधी?

मामा : …

भाची : दिवसभर कांड्या भरते, संध्याकाळी दोऱ्याचं टोक सापडत नाही म्हणून माझ्याकडे देते. गेल्या वेळेला आले तेव्हा मी पाहिलंय. तुम्ही म्हणालात वय झालं. उद्या सकाळी उपाशीपोटी तिची साखर बघायची, आधी इथेच.

मामा : ती ऐकायची नाही.

भाची : तिला मी सांगते. तुम्ही फक्त पदर कुठवर आलाय ते बघा आणि गिऱ्हाईकाला दोन दिवस पुढची तारीख द्या.

मामा : चार दिवस देतो. शेजारच्यालाही विचारतो. त्याचं सहावं इंजेक्शन दिवाळीपासून राहिलंय, आणि तू म्हणालीस ते लेझरचं त्याला तुझ्याच तोंडून ऐकू दे.